ऑनर्स विथ रिसर्चचं चौथं वर्ष : या चुका टाळा

चार वर्षांच्या पदवीचं हे संशोधनाचं वर्ष सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी येऊन सांगतंच, "मॅडम, विषय ठरला. एआय बेस्ड स्मार्ट अटेंडन्स सिस्टीम." सिस्टीम होईल, चालेलही. पण यात संशोधनाचा प्रश्न कुठे आहे? तीन वर्षं आपण प्रोजेक्ट केले, ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) बांधून घेतली, एक्स्टर्नलसमोर डेमो दाखवला. तीच सवय घेऊन मुलं चौथ्या वर्षात येतात आणि इथेच गाडी अडते.

विषय तपासायची माझी रीत साधी आहे : उत्तर 'नाही' आलं तरी प्रबंध उभा राहतो का? 'रोमन लिपीत लिहिलेलं मराठी मिसळलं, तर ट्विटमधली भावना ओळखताना मॉडेल (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) किती चुकतं?' यात 'फारसं चुकत नाही' हेही उत्तरच आहे. अटेंडन्स सिस्टीमला ही सोय नाही, ती बंद पडली की सगळंच गेलं.

दुसरी चूक वेळेच्या हिशोबाची. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यालाच ही वाट खुली आहे आणि चौथ्या वर्षाच्या 40 क्रेडिट्सपैकी 12 संशोधनाची आहेत. (तुमच्या अभ्यासक्रमातली मांडणी थोडी वेगळी असू शकते, ती आधी बघून घ्या.) 12 क्रेडिट्सचं काम सबमिशनच्या आधीच्या पंधरा दिवसांत होत नाही, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी ते करून बघतं.

९८ टक्के आले? आधी घाबरा

अचूकता फार चांगली आली की पेढे वाटू नका. बहुतेकदा माहिती फुटलेली असते : मॉडेलला शिकवायला वापरलेली नोंदच त्याच्या परीक्षेतही येते. एकच ट्विट चार जणांनी जसंच्या तसं टाकलेलं असतं. त्यातलं एक शिकवायच्या भागात जातं, दुसरं परीक्षेच्या. म्हणजे पेपर फुटलाच की! आधी दुहेरी नोंदी काढा, मग डेटा विभागा. स्केलिंग (आकडे एका पट्टीत आणणं) आणि कमी नमुने असलेल्या गटाची संख्या वाढवणं हे सगळं विभागणीनंतर, तेही फक्त शिकवायच्या भागावर.

दुसरं कारण असमतोल. 1,000 वाक्यांत 940 एकाच लेबलची असतील, तर डोळे मिटून तेच लेबल लावणाऱ्यालाही 94 टक्के मिळतात. म्हणून मॅक्रो एफ-वन (प्रत्येक लेबलला सारखं वजन देणारा गुणांक) द्या, आणि शेजारी हा डोळे मिटलेला गडीसुद्धा तक्त्यात बसवा.

उलट, मराठी मजकुरावर निकाल विचित्रच खराब आले, तर मॉडेलला दोष देण्याआधी टोकन (मॉडेलला मिळणारे शब्दांचे तुकडे) छापून बघा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतल्या, शब्द मोजणाऱ्या काउंट व्हेक्टरायझरची मूळ मांडणी देवनागरी मात्रांना अक्षर मानतच नाही, तिथे शब्द तोडते आणि एकाक्षरी तुकडे टाकून देते. 'पुणे' हा शब्द त्यात चक्क नाहीसा होतो. पुणेकरांना हे किती झोंबेल ते सांगायला नको. उपाय : विरामचिन्हं काढून रिकाम्या जागेवर शब्द तोडणारा स्वतःचा टोकनायझर द्या. बर्ट या भाषा-मॉडेलच्या बहुभाषिक 'अनकेस्ड' (इंग्रजी कॅपिटल-स्मॉलचा भेद पुसणाऱ्या) रूपाची खोड वेगळी. ते उकार, एकार, अनुस्वार खाऊन टाकतं, त्यामुळे 'पुणे'चं 'पण' होतं. तिथे 'केस्ड' मॉडेल घ्या. पहिली दहा वाक्यं टोकन करून नजरेखालून घालायला पाच मिनिटं लागतात. ती वाचवून एका विद्यार्थ्याने माझ्याकडे पूर्ण सत्र घालवलं होतं.

डेटा स्वतःच गोळा करायला हवा असंही नाही. पुण्यातल्याच एलथ्रीक्यूब गटाने भावना ओळखण्यासाठी सुमारे 16,000 मराठी ट्विट्सचा संच 2021 मध्ये खुला केलाय. तो वापरा, आणि कुठून घेतला ते लिहा.

फुकटचं कोलॅब (गूगलचं ऑनलाइन कोड चालवायचं साधन) रात्री तुटतं. दर फेरीनंतर मॉडेल ड्राइव्हवर साठवा, सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) आणि लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवा. एवढंच.

पेपर छापायची घाई

'पाच दिवसांत प्रकाशन' असा मेसेज आला की पैसे भरून मोकळं होणारे खूप. 'केअर लिस्टेड' (यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतलं) हा शब्द अजूनही आमिष म्हणून फिरतो. ती यादी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालायची, पण यूजीसीने ती बंद केल्याचं फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं. संपादक मंडळावरची नावं त्यांच्या संस्थांच्या पानांवर सापडतात का, जुने अंक वाचता येतात का, हे स्वतः बघा.

साम्य तपासणीत 10 टक्क्यांच्या आत राहिलं की झालं, असं धरून वाक्यं उलटीपालटी करू नका. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या नियमांत ही सवलत किरकोळ साम्यासाठी आहे. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून आपल्या नावावर टाकली, तर ती चोरीच.

आणि 'गाईड वेळच देत नाहीत' ही तक्रार. काही जण खरंच देत नाहीत, मान्य. पण रिकाम्या हाताने केबिनबाहेर उभं राहण्यापेक्षा दर शुक्रवारी अर्ध्या पानाचा मेल टाका : या आठवड्यात काय केलं, कुठे अडलं, तुमच्याकडून कोणता एक निर्णय हवा. एका प्रश्नाचं उत्तर चालता चालताही देता येतं.