गिअर ‘पी’मध्येच अडकलाय? सोलेनॉइड बदलण्याआधी मीटर लावा

ऑटोमॅटिक गाडी सुरू होते, ब्रेक दाबलेला असतो, तरी गिअरचा दांडा ‘पी’मधून (पार्किंगमधून) निघत नाही. मग सोलेनॉइडच (ब्रेक दाबल्यावर दांड्याचं कुलूप, म्हणजे शिफ्ट लॉक, सोडणारं विजेवरचं चुंबक) बदलायला सांगितलं जातं, आणि बऱ्याचदा ते चांगलंच असतं. (‘पी’ नसलेल्या एएमटी, म्हणजे क्लच-गिअरचं काम यंत्र करतं अशा, गाड्यांना हे लागू नाही.)

गाडी सपाटीवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. चढउतारावर ‘पी’चा खटका नुसत्या वजनानंही आवळतो. आता इंजिन बंद, इग्निशन ऑन, ब्रेक दाबा. दांड्याखालून ‘टक्’ ऐकू आलं तर करंट पोचतोय. अडचण बहुधा यांत्रिक आहे. आवाज नसेल तर मागचे ब्रेक लाइट बघा. तेही बंद असतील तर आधी स्टॉप लॅम्पचा फ्यूज, मग पेडलवरचा स्विच. लाइट लागले म्हणून मात्र स्विच निर्दोष ठरला असं नाही. बऱ्याच गाड्यांत त्यात दोन कॉन्टॅक्ट असतात आणि शिफ्ट लॉकचा वेगळा असतो. दोन्हींची कंटिन्युटी (करंट आरपार जातो का) तपासा.

खरी परीक्षा सोलेनॉइडच्या कपलरवर (वायर जोडणाऱ्या प्लगवर). कपलर काढू नका, मागून पिना घालून दोन्ही वायरींमध्ये व्होल्ट मोजा. एक टोक बॉडीला लावलं तर फसाल, कारण काही गाड्यांत १२ व्होल्ट कायम असतात आणि कंट्रोल युनिट अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बाजू) जोडतं. ब्रेक दाबल्यावर बॅटरीइतके व्होल्ट आले आणि तरी ‘टक्’ नाही, तर सोलेनॉइड गेलं किंवा जाम झालं. ८-९ व्होल्टच आले तर वायर, कपलर किंवा अर्थ गंजलाय. कपलर काढून मोजलं तर हीच कुजकी वायर १२ दाखवते. कंट्रोल युनिटच्या वायरींना बल्बचा टेस्टर लावू नका आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात नको.

सकाळी गिअर निघतो, दुपारी नाही, ही परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यातली तक्रार समजून घ्या. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. बंद गाडीत सोलेनॉइडमधली कॉइल (तांब्याच्या तारेचं वेटोळं) ४० अंशांनी तापली की रोध १६ टक्क्यांनी वाढतो, करंट सुमारे १४ टक्के घटतो आणि ओढ त्याहूनही जास्त घटते. कमी व्होल्टवर चाललेलं सोलेनॉइड तिथंच हात टेकतं. म्हणून ओहम मोजायचे तर गाडी गार आणि तापलेली, दोन्ही वेळा मोजा आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडा.

शेतवस्तीवर उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर आणि कन्सोलमध्ये सांडलेला गोड चहा, हे दोन्ही मीटरआधी टॉर्च पाजळून बघावं.

तोवर गाडी हलवायचीच असेल तर दांड्याजवळचं छोटं झाकण उचकटून आतली कळ स्क्रू ड्रायव्हरनं दाबा, ब्रेकवरचा पाय न काढता. पण ब्रेक लाइट लागत नसतील तर त्या गाडीनं हायवे धरू नका.