शिक्षक नीट शिकवतायत का, हे कसं बघायचं

रिझल्ट बघून शिक्षकाला मार्क द्यायचे असतील तर जरा थांबा, कारण मुलाच्या मार्कांत घर, क्लास, आधीच्या इयत्तांचा कच्चा-पक्का पाया असं सगळंच मिसळलेलं असतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2014 मध्ये म्हटलं होतं की बहुतेक अभ्यासांत टेस्ट स्कोअरमधल्या फरकातला 1 ते 14 टक्केच भाग शिक्षकामुळे असतो. म्हणजे शिक्षकाने फरक पडत नाही असं नाही, पण नुसत्या मार्कांवरून तो दिसत नाही.

त्यापेक्षा वही काढा. दोनेक महिन्यांच्या अंतराची पानं शेजारीशेजारी ठेवा आणि बघा, नुसती बरोबरची खूण आणि सही आहे की कुठे चुकलं तेही लिहिलंय, आणि मेन म्हणजे तीच चूक पुढच्या पानांवरही चालू आहे का. वही अगदी सुंदर, एकही खाडाखोड नाही, चार मुलांची उत्तरं शब्दन्‌शब्द सारखी, असं असेल तर मला उलट शंका येते, बहुतेक फळ्यावरून उतरवलेलं असतं.

मग एखादं गणित फिरवून द्या. लांबी-रुंदीवरून क्षेत्रफळ येतंय ना, आता क्षेत्रफळ आणि लांबी देऊन रुंदी विचारा. एकाच मुलावरून ठरवू नका, आणि हुशार पोरांना तर विचारूच नका, ती कुणाच्याही हाताखाली शिकतात. मधली आणि मागे पडलेली बघा.

वर्गात बसायला मिळालं तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात ते मोजा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच दाखवलं होतं की शिक्षक साधारण एखादा सेकंदच थांबतात, आणि हेच 3 सेकंद केलं तर उत्तरं मोठी येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. वर्ग शांत आहे की गोंगाट आहे यावर मात्र जाऊ नका, दोन्हीत शिकणं असू शकतं आणि नसूही शकतं.

मुलांना "सर कसे आहेत" विचारलं की "छान" एवढंच येणार. "समजलं नाही तर तू काय करतोस?" असं विचारा. "परत विचारतो" म्हणाला तर उत्तम, "शेजारच्याचं बघतो" म्हणाला तर विषय गंभीर आहे.

शेवटी शिक्षकांनाच विचारा, हा नेमका कुठे अडतोय? "हातचा घ्यायला विसरतो" असं उत्तर आलं तर त्यांनी मुलाकडे बघितलंय. "लक्षच देत नाही" एवढंच आलं तर महिन्याभराने परत जाऊन तोच प्रश्न विचारा.