लाकडी गलबत चिकटवायला घेण्याआधी

गोंद आणायला दुकानात जाण्याआधी गलबताच्या प्रतिकृतीचा आराखडा टेबलावर पसरा आणि प्रत्येक सांध्याशेजारी पेन्सिलीने लिहून काढा: इथे लाकडाला लाकूड जोडायचंय की धातू, फट राहणार आहे का, ओढ कुठून बसणार, आणि सांधा सुकेपर्यंत दाबून ठेवायला जागा आहे का. मराठा आरमारातल्या गलबताला दोन डोलकाठ्या असत. मोठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड, मागची अगदी बारीक, शिवाय ४०-५० वल्ही. त्याची दीड फुटाची प्रतिकृती करायची म्हटलं तरी कणा, बरगड्या, फळ्या, डोलकाठ्या, दोरांच्या गाठी आणि पितळी कड्या असे कितीतरी तऱ्हेचे सांधे निघतात. ते सगळे गोंदाच्या एकाच बाटलीत भागत नाहीत.

पहिला प्रश्न पाण्याचा. गलबत काचेच्या कपाटात राहणार की हौदात सोडणार? कपाटातलं असेल तर सुतार नेहमी वापरतात तो पांढरा फेविकॉल एसएच उत्तम. तो पाण्यात टिकत नाही, म्हणून तरंगवायचं असेल तर फेविकॉल मरीनसारखा पाणी सोसणारा प्रकार घ्या. वरून वार्निश मारू म्हणजे झालं, या भरवशावर राहू नका. वार्निशला केसाएवढी चीर गेली की पाणी फळ्यांच्या सांध्यात शिरतंच.

नव्वद टक्के काम या पांढऱ्या फेविकॉलचंच आहे. तो कसा सुकतो ते समजून घेतलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. त्यातलं पाणी लाकडात आणि हवेत निघून जातं आणि मागे राहिलेले कण एकमेकांना धरतात. लाकूडच ओलं असेल तर हे पाणी जाणार कुठे? गलबताच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, फळ्या वळवण्यासाठी आपण त्या गरम पाण्यात भिजवतो. भिजलेली फळी तशीच फेविकॉल लावून बसवू नका. आधी ती फेविकॉल न लावता बरगड्यांवर वाकवून चिमट्यांनी बांधा, रात्रभर वाळू द्या, मग सोडवून चिकटवा. तोवर तिने वळण धरलेलं असतं आणि सांध्यावर ओढ बसत नाही. पावसाळ्यात याला आणखी वेळ द्या. चिमटे तासाभरात काढता आले तरी पुरती ताकद यायला २४ तास लागतात. तेवढ्यात डोलकाठी ओढून बघायचा मोह आवरा.

फळीचं कापलेलं टोक मात्र फेविकॉल पिऊन टाकतं, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. अशा टोकांना थोडं पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्या, तो मुरू द्या आणि मग नेहमीचा लावा. सागवानाच्या पट्ट्या असतील तर आणखी एक काम आहे. सागाच्या अंगात तेल असतं. चिकटवण्याच्या जरा आधी तो भाग पॉलिश पेपरने घासा आणि ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसून घ्या. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा निरांजन पेटलेलं नको.

फेविक्विक यादीत जरूर हवं, पण थेंबाथेंबाने. लाकडावरच्या आणि हवेतल्या ओलाव्याने ते क्षणात धरतं, त्यामुळे जिथे चिमटा बसूच शकत नाही तिथे, म्हणजे वल्ह्यांच्या खुंट्यांसारख्या बारीक जागी, ते कामाला येतं. एकदा धरलं की तुकडा सरकवता येत नाही आणि झटका बसला तर सांधा काचेसारखा तुटतो. कण्याला ते लावू नये, हे माझं ठाम मत आहे. सुती हातमोजे घालून तर ते हाताळूच नका: सुतावर सांडलं की ते तापतं आणि चटका बसतो. शीड आणि दोर यांच्यापासूनही ते दूर ठेवा. दोरांच्या गाठींना पातळ फेविकॉल टेकवला की तो सुकल्यावर दिसत नाही. फेविक्विकने दोरा काळपट आणि ठिसूळ होतो.

पितळी कड्या, सुकाणूची बिजागरी, छोट्या तोफा यांच्यासाठी अरल्डाइट, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद. धातू पाणी पीत नाही, त्यामुळे पांढरा फेविकॉल तिथे धरत नाही. दोन्ही ट्यूबमधून सारखा भाग घ्या, रंग एकजीव होईपर्यंत घोटा. सांध्यात फट राहिली असेल तर ती भरण्याची ताकदही यातच आहे. ग्लूगन मात्र घेऊ नका. त्यातल्या वितळलेल्या गोंदाच्या तारा सगळीकडे लोंबतात आणि उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेल्या गलबताचे सांधे मऊ पडतात.

आता बाकीचं सामान. कपड्यांचे लाकडी चिमटे भरपूर, रबर बँड, मास्किंग टेप, फेविकॉल पसरायला जुना ब्रश, ओलं फडकं आणि आराखड्यावर अंथरायला प्लास्टिकचा कागद, नाहीतर कणा आराखड्यालाच चिकटून बसतो. ओल्या फडक्याचं महत्त्व मोठं आहे. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल तिथल्या तिथे पुसला नाही तर पॉलिश करताना त्या जागी रंग चढत नाही आणि फिकट डाग कायमचे राहतात. पातळ पट्टीच्या एकाच बाजूला फेविकॉल लागला की ती ओलाव्याने वाकते, म्हणून सुकेपर्यंत तिच्यावर जाड पुस्तकं ठेवायची तयारी ठेवा.

शेवटी, उरलेल्या लाकडाचे दोन तुकडे. गलबताला लावण्याआधी बाटलीतलाच फेविकॉल लावून ते जोडा, चिमट्यात धरा आणि दुसऱ्या दिवशी हाताने तोडा. सांध्याशेजारचं लाकूड फाटलं तर कामाला लागा. सांधाच सुटला, किंवा ओततानाच फेविकॉलमध्ये गुठळ्या दिसल्या, तर ती बाटली बाजूला ठेवून नवी आणा.