वयात येणाऱ्या मुलांशी थट्टामस्करी : या चुका टाळा

तेरा-चौदा वर्षांचं मूल घरात असलं की हसणं दोन तऱ्हांनी बिघडतं. एक तर आईबाबा हसणंच विसरतात, नाहीतर त्यांचा विनोद टोमणा होऊन बसतो. पहिली गत सुधारायला सोपी. दुसरी लवकर लक्षातच येत नाही, कारण बोलणाऱ्याला आपण गंमतच करतोय असं वाटत असतं.

टोमण्याला विनोद समजणं

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, साहेब स्वतःहून उठले!" यातला हशा काढून टाका. मागे 'तू आळशी आहेस' एवढंच उरत असेल, तर तो टोमणा. शिवाय तो चुकीचाही आहे. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री एक-दोन तास उशिरा वाढू लागतं आणि झोप मात्र 8 ते 10 तास हवी असते. सकाळच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलेलं मूल आळशी नसतं, त्याची झोप अपुरी असते. तेव्हा सकाळी पडदा सारा, दिवा लावा आणि गप्प राहा. थट्टा संध्याकाळी, पोटात काही गेल्यावर.

तक्रार असेल तर ती सरळ सांगा: "ओला टॉवेल दोरीवर टाक." विनोद करायचाच असेल तर टॉवेलवर करा: "या टॉवेलनं गादी बळकावलीय, भाडं कोण देणार?" वाक्यात 'तू नेहमी' किंवा 'एवढा घोडा झालास तरी' आलं की गंमत संपली.

चारचौघांत शरीरावर बोलणं

फुटलेला आवाज, मिसरूड, पुरळ, उंची, वजन, पाळी हे विषय थट्टेसाठी बंद. मुलाच्या स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब होतात, म्हणून आवाज मध्येच घसरतो. त्यात त्याचं काही चालत नाही. वर सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं या वयात वाटतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये याला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं. गणपतीला जमलेले पंधरा नातेवाईक तर खरेच प्रेक्षक!

बऱ्याचदा थट्टा आपण करत नाही, काका किंवा आत्या करतात. अशा वेळी त्यांच्याबरोबर हसू नका. "काका, तुमचा दहावीतला फोटो काढू का?" एवढं म्हणून तोफ वळवा. व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक ग्रुपवर मुलाचा गमतीचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. नाही म्हणाला तर नाही.

भांडण तापलेलं असताना हसवायला जाणं

दार आपटलं गेलंय आणि तुम्ही कोटी करताय. मुलाला वाटतं, आपलं म्हणणं उडवून लावलं. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो, त्यामुळे मुलगा शांत व्हायला वेळ घेणार. निदान अर्धा तास जाऊ द्या. तो स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघू लागला की समजा, वारं फिरलंय. मग विनोद आधी स्वतःवर: "मघाच्या भाषणात अध्यक्षही मीच, प्रमुख पाहुणेही मीच, आभारप्रदर्शनही माझंच!"

त्यांची भाषा बोलण्याचा मोह टाळा. बाबांनी गंभीर चेहऱ्यानं 'ब्रो' म्हटलं की पोरं कानकोंडी होतात. मुद्दाम चुकीचं वापरलं तर एकदा चालतं, दुसऱ्यांदा नाही.

आपली नक्कल सहन न होणं

मुलगी तुमच्या फोनवरच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते, तेव्हा 'मोठ्यांशी असं बोलतात का?' म्हणू नका. ती तुम्हाला किती बारकाईनं बघते ते यातून दिसतं. मर्यादा आधीच सांगून ठेवा: नक्कल चालेल, शिवी नाही, आणि आजीच्या आजारपणावर काही नाही.

विनोद लागला, आता?

'साधी मस्करी कळत नाही का?' हे सगळ्यात वाईट उत्तर. दोन वाक्यं पुरतात: "तुला लागलं ते. पुन्हा नाही बोलणार." पुढे 'पण' जोडू नका आणि तो विनोद खरोखरच मोडीत काढा.

एक अपवाद. दोन आठवडे मूल कशानंच हसत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मित्र तुटले असतील, तर हसवण्याचे प्रयत्न थांबवा. शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा गमतीत आली तरी ती गंमत समजू नका, त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.