न्यूरॉनचं कॅल्शियम फास्ट कॅमेऱ्यावर बघताय? आधी ट्यूबलाइट बंद करा

नाशकात कुणी कॉलेजच्या लॅबमध्ये कॅल्शियम इमेजिंगचा (सेल फायर झाला की आतलं कॅल्शियम वाढतं, ते चमकीवरून बघायचं) सेटअप लावत असेल तर कॅमेऱ्याचा स्पीड वाढवायच्या आधी खोलीतला उजेड तपासा. आपल्याकडची लाइट 50 हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा फडफडतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेरा सगळं पकडतो. सेकंदाला 90 फ्रेम्सवर रेकॉर्ड केलं की तीच फडफड 10 हर्ट्झची लाट होऊन दिसते आणि आपण खुश, की वा, सेल काय मस्त फायर होतोय! बरोबर 100 वर ठेवलं तर अजून वाईट, बेसलाइन, म्हणजे सेल शांत असतानाची पातळी, हळूहळू वरखाली सरकत राहते.

एक्सायटेशन लाइट (सेल चमकवायला मायक्रोस्कोपमधून टाकतो तो उजेड) बंद ठेवून एक रिकामं रेकॉर्डिंग घ्या, त्यात लाट आली तर ती खोलीची. मेनरोडवरून जाड काळं कापड आणा, मायक्रोस्कोप झाका, बास. मग सेल नसलेली फ्लुओरेसंट स्लाइड ठेवून एक्सायटेशनचा एलईडी स्वतः फडफडत नाही ना तेही बघून घ्या.

आणि हो, जीकॅम्प6एफ (कॅल्शियम वाढलं की चमकणारं, सेलने स्वतः बनवलेलं प्रोटीन) वापरत असाल तर 1000 फ्रेम्सचा हट्ट कशाला, त्याचा सिग्नल उतरायलाच शंभरेक मिलिसेकंद जातात, उगाच ब्लीचिंग (चमक फिकी पडणं) आणि नॉइज वाढतो. फ्लुओ-4 सारखा सेलमध्ये भरायचा रासायनिक डाय असेल तर स्पीड कामाचा, तेव्हा एससीमॉस कॅमेऱ्यात (हा चित्र ओळीओळीने वाचतो) चित्राची उंची कापा म्हणजे ओळी कमी करा, नुसती रुंदी कापून बहुतेक कॅमेऱ्यांत काही फरक पडत नाही.

थंडीत बाथचं, म्हणजे सेल ज्या द्रावणात ठेवलेत त्याचं, तापमान लिहून ठेवा, जानेवारीच्या गारठ्यात सिग्नल उतरायला जास्त वेळ लागतो.