खेकड्यांना एकटे जाताय की टोळीने? दोन्हीकडच्या या चुका टाळा

मृगाची पहिली मोठी सर पडून गेली, पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा, आवाज घरात ऐकू यायला लागला, की कोकणात आणि घाटमाथ्यावर संध्याकाळी एकच बोलणं: आज खेकड्यांना जायचं का? मग कोणी बत्तीचा मेंटल शोधतो, कोणी पोतं झटकतो, आणि एखादा शहाणा कोणालाच न सांगता एकटाच निघतो.

एकट्याने जाऊ नये, हे घरातली आजी सांगतेच आणि ते बरोबरच आहे. पण टोळीने गेलं की झालं, हा समजही तितकाच घातक. बत्ती कोणाकडे, पोतं कोणाकडे, पाण्यावर नजर कोणाची, हे निघतानाच ठरलेलं असेल तर ती सोबत. नाहीतर एका पऱ्यात सात माणसं फिरतात आणि सातही एकटीच असतात.

दोन हातांत तीन कामं

एकट्या माणसाची पहिली अडचण भीतीची नसून हातांची असते. खेकडा उजेडात क्षणभर थबकतो. तेवढ्यात काठीने किंवा पायाने त्याची पाठ अलगद दाबायची, मग मागच्या बाजूने, नांग्या पोचणार नाहीत अशा बेताने, अंगठा आणि बोटांत कवच धरून उचलायचं. इथपर्यंत एका हाताचं काम. दुसऱ्या हातात बॅटरी. मग पोत्याचं तोंड उघडणार कोण? एकटा माणूस बॅटरी काखेत धरतो नाहीतर दातांत, उजेड झाडांवर जातो आणि पुढचं पाऊल पडतं ते शेवाळलेल्या दगडावर. हेडलाइट लावला तर उजेडाचा प्रश्न सुटतो, पोत्याचा सुटत नाही. एका हाताने पोतं उघडताना आधी पकडलेले दोन बाहेर येतात, हे वेगळंच.

माझ्या मते तीन माणसं हा उत्तम आकडा. एक बत्तीवाला, एक पकडणारा, एक पोतंवाला. पाण्यावर आणि मागच्या वाटेवर लक्ष ठेवायचं ते पोतंवाल्याने, कारण बाकीच्या दोघांचे डोळे खेकड्यावरच असतात. दोघंच असाल तर बत्तीवाल्याने दुसरं काहीही करायचं नाही, समोरून कितीही मोठा खेकडा गेला तरी.

दिवसाउजेडी, ओळखीच्या ओहोळात, घोट्याएवढ्या पाण्यात दगड उलटायला एकटं जायला हरकत नाही. घरी सांगून जा, इतकंच.

बिळात हात घालणं

ही चूक एकटे करतात आणि टोळीतले उत्साही तर हमखास करतात. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या दिसल्या म्हणजे आत खेकडा आहे असं धरून हात कोपरापर्यंत जातो. गोळ्या खेकड्याच्याच असतील, पण आता आत तोच आहे याची खात्री कोण देणार? पाणदिवड असली तर चावून सोडेल, विष नाही. नाग किंवा घोणस असेल तर गोष्ट निराळी. आणि फुरशाला बीळही लागत नाही, दगडाखाली पुरतं. मण्याराचा दंश रात्री कित्येकदा धड कळतही नाही.

दंश झाला तर सोबतीची खरी किंमत इथे कळते. चावलेल्या माणसाने चालायचं नाही. हालचालीने विष लवकर पसरतं. दोघांनी उचलायचं, तिसऱ्याने रेंज मिळेल तिथे जाऊन 108 ला फोन करायचा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, कारण सूज चढते. दोरी आवळणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं यातलं काहीही करू नका. साप मारून सोबत न्यायच्या भानगडीतही पडू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, पुढचं डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. एकटा असाल तर यातलं काय काय जमेल याचा आधीच विचार करा.

पाण्याचा रंग न बघणं

तुमच्याकडे पाऊस थांबलेला असतो, चांदण्याही दिसतात, आणि वर घाटात मात्र धो धो चालू असतो. तो लोंढा खाली येतो तेव्हा आधी खुणा देतो. नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं. मग पालापाचोळा, काटक्या, फेस. पाण्याचा आवाज जड होतो. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला की चर्चा करत बसू नका, जवळच्या काठावर चढा. जवळच्या काठावर, घर ज्या बाजूला आहे त्या काठावर नव्हे. घराकडचा काठ गाठायला पाणी ओलांडणं हीच जीव घेणारी चूक. पलीकडे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत बसा, मग खेकडे मेले तरी चालतील.

टोळीत ही चूक जास्त होते, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बघतोय.

टोळीच्या खास चुका

चाकरमानी मुंबईहून आले की आठ-दहा जण निघतात. आठ मोबाईलच्या टॉर्च, त्यातल्या चार एकमेकांच्या डोळ्यांत. दगडांवरून धपाधप चालणं खेकड्याला लांबूनच कळतं आणि तो खोबणीत जातो. मग "यंदा खेकडेच नाहीत" म्हणून बोंब. असं झालं तर माणसं वाढवू नका, कमी करा. अर्ध्यांना काठावर बसवा, उजेड एकच ठेवा, आणि प्रवाहाच्या उलट, खालून वर चाला, म्हणजे तुमचा गढूळ केलेला पाण्याचा पट्टा मागे राहतो.

दुसरी चूक पांगण्याची. एकाला पुढे मोठा दिसतो, दुसरा फाट्याने वळतो, आणि रात्री बारा वाजता कळतं की एक माणूस कमी आहे. मग कोणी चकव्याचं नाव घेतं. चकवा असो नसो, काळोखात सगळे दगड सारखेच दिसतात. रात्री नावाने हाक मारायची नाही अशी काही गावांत समजूत आहे. ठीक आहे, कुकारा, म्हणजे नाव न घेता लांब 'कूऽऽ' अशी हाक, घाला, पण ठरावीक वेळाने घाला आणि सगळ्यांचा उलटा कुकारा आला की नाही ते मोजा. बाटली घेऊन येणाऱ्याला घरीच ठेवा. आणि कोणी "जाता जाता डुक्कर मिळालं तर" म्हणून ठासणीची बंदूक काढली तर तिथूनच मागे फिरा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहेच, शिवाय काळोखात हललेल्या झुडपात तुमचाच सोबती असू शकतो. अभयारण्याच्या हद्दीत तर खेकड्यालाही हात लावायचा नाही.

शेताच्या बांधावरची तार

सापापेक्षा मला याची धास्ती जास्त. डुकरांसाठी काही लोक शेताभोवती करंटची तार लावतात. बेकायदा आहे, तरी लावतात. म्हणून पऱ्याला जाताना बांधाबांधाने नवी वाट काढू नका, रुळलेल्या वाटेने जा, आणि शेतमालकाला दिवसाच विचारून घ्या. एकामागोमाग, मधे अंतर ठेवून चाला. पुढचा कोसळला तर त्याला धरायला धावू नका, दुसराही चिकटतो. काठीने तार बाजूला सारावी असं सांगतात, पण पावसात भिजलेली काठी काय कामाची? आधी वीज बंद करायची: मालकाला उठवा, वायरमनला उठवा.

जाता जाता बांधही उकरू नका. एका खेकड्यासाठी उकरलेला बांध पुढच्या सरीत फुटतो आणि लावणीला शिव्या तुमच्या नावाने.

नांगीत बोट सापडलं तर

ओढू नका. ओढलं की तो आणखी आवळतो. हात खेकड्यासकट पाण्यात धरा, बहुतेक वेळा तो सोडून पळतो. जखम साबणाने धुवा, आणि पुढे काही दिवसांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरला पऱ्यात गेल्याचं आवर्जून सांगा. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) याच मार्गाने शिरतो.

खेकडे पोत्यात मरतात ते दाबले जाऊन. पोतं ओलं ठेवा, आत थोडा पाला घाला आणि अर्ध्यावर भरलं की दुसरं घ्या. मेलेला खेकडा टाकून द्या, लवकर खराब होतो. ज्या मादीच्या पोटाखालच्या रुंद झाकणाआड पिल्लं दिसतील ती जिथे धरली तिथेच सोडा.

आणि वाटे घालताना कोणी किती पकडले हे मोजू नका. बत्तीवाल्याने एकही पकडलेला नसतो. त्याला कमी दिलंत तर पुढच्या वेळी बत्ती धरायला कोणी तयार होणार नाही, सगळेच पाण्यात उतरतील.