सीएसएसडीत नव्याने येणाऱ्यांसाठी: ओला सेट का निघतो आणि बाकी काही

ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा डिप्लोमा करून इंदूरच्या खासगी हॉस्पिटलात लागलेल्या बऱ्याच मुलामुलींना पहिली ड्यूटी मिळते ती सीएसएसडीत, म्हणजे औजारं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागात, आणि चेहरा उतरतो. सर्जनच्या शेजारी उभं राहायचं होतं, इथे तळघरात औजारं घासायला बसवलं. राग येणं साहजिक आहे, पण औजार ओळखायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. मॉस्किटो आणि आर्टरी, अ‍ॅलिस आणि बॅबकॉक, मेयो आणि मेट्झेनबाम यांतला फरक फोटोवरून डोक्यात बसत नाही. रोज हाताखालून गेलं की बसतो.

झोन, पीपीई, स्पॉल्डिंगचं वर्गीकरण, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग हे सगळं कोर्समध्ये होऊन गेलंय, त्यावर वेळ घालवत नाही. नवीन माणूस जिथे हमखास फसतो, तिथे मात्र जरा जास्तच थांबणार आहे.

सुरुवात धुण्यापासूनच करावी लागते, कारण घाण राहिलेलं औजार कुठलंच मशीन निर्जंतुक करू शकत नाही. रक्त सुकलं की काम दुप्पट होतं, म्हणून ओटीतून औजार ओलसर यायला हवं: एन्झायमॅटिक फोम मारलेलं किंवा पाण्याने भिजवलेल्या टॉवेलखाली झाकलेलं. सलाइनमध्ये बुडवून पाठवलं असेल तर ओटीच्या सिस्टरला त्याच दिवशी सांगा. क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत पुढे रक्त बसतं. हायपोक्लोराइट तर त्याहून वाईट. पहिलं खळखळणं थंड पाण्यात. 45 अंशांच्या वरचं पाणी थेट ओतलं की रक्तातलं प्रथिन गोठून धातूला चिकटतं, मग ब्रश झिजला तरी सुटत नाही. त्यानंतर एन्झायमॅटिक द्रावण. लिटरला किती मिली ते बाटलीवर छापलेलं असतं. मापाने घ्या, ‘दोन झाकणं’ हे माप नाही.

कात्री, नीडल होल्डर, फोर्सेप्स उघडे ठेवूनच भिजवायचे आणि घासायचे. बिजागरीची खाच आणि रॅचेटचे दात इथेच घाण राहते. सक्शन टिप, ट्रोकार, केरिसन पंच यांच्या पोकळीतून ब्रश आरपार जायला हवा, आणि तो पोकळीच्या जाडीचाच हवा. बारीक ब्रश नुसता आत फिरून येतो. घासायचं पाण्याखाली, म्हणजे शिंतोडे तोंडावर येत नाहीत. अल्ट्रासॉनिकमध्ये टाकण्याआधी ढोबळ घाण निघालेली असावी, आणि भांडं भरल्यावर आधी काही मिनिटं रिकामं चालवून पाण्यातली हवा काढून टाकावी. सिलिकॉन, रबर आणि दुर्बिणीची टेलिस्कोप त्यात जात नाही.

पाण्याचा मुद्दा इंदुरात पुस्तकातल्यापेक्षा मोठा आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकीची गरज बोरिंग आणि टँकरवर भागते, आणि बोरिंगचं पाणी जड. त्या पाण्यात शेवटचं खळखळणं केलं की औजारावर पांढरे डाग उमटतात आणि मशीनच्या हीटरवर थर चढतो. शेवटची धार आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचीच. डोळ्याच्या ऑपरेशनच्या सेटबाबत (एका ट्रेमध्ये एकत्र लावलेली औजारं म्हणजे सेट) तर इथे तडजोडच नाही. फेकोच्या (मोतीबिंदू काढण्याच्या मशीनच्या) हँडपीसमध्ये डिटर्जंटचा अंश राहिला, तर निर्जंतुक केलेल्या औजारानेसुद्धा पेशंटच्या डोळ्यात जंतूंशिवायची तीव्र सूज येऊ शकते. ‘टास’ म्हणतात तिला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनची, सायकल पूर्ण झाली. प्रिंटआउटवर 134 अंश दिसतात, होल्ड टाइम (त्या तापमानावर थांबायची वेळ) भरलाय, पॅकवरच्या टेपवर काळे पट्टे उठलेत. दार उघडून सेट काढला, एसीखालच्या स्टीलच्या टेबलावर ठेवला. तासाभराने ओटीतून फोन येतो, ‘सेट तो गीला निकला!’ आतल्या टॉवेलवर ओला डाग असतो, नाहीतर ट्रेच्या तळाशी चार थेंब. नवीन माणूस इथे एकच युक्तिवाद करतो: पाणी मशीनच्या आतलंच आहे, म्हणजे तेही निर्जंतुकच, मग बिघडलं काय?

पाणी आत होतं तोवर निर्जंतुक होतं, हे खरं. बिघडतं ते बाहेर आल्यावर. सेटभोवती गुंडाळलेला रॅप कोरडा असतो तेव्हाच तो जंतू अडवतो. ओला झाला की त्याच्या धाग्यांतून पाण्याची सलग वाट तयार होते, आणि टेबलावरचे, ट्रॉलीवरचे, तुमच्या हातावरचे जंतू त्या वाटेने आत ओढले जातात. कापडी रॅपमध्ये हे झपाट्याने होतं, पण एसएमएस (तीन थरांचा, न विणलेला) रॅप असला म्हणून ओला सेट चालतो असंही नाही. म्हणून नियम सरळ आहे: ओला सेट म्हणजे अनस्टराइल सेट. तो ओव्हनमध्ये वाळवायचा नाही, पुन्हा नुसती ड्राय सायकल द्यायची नाही, ‘आतला टॉवेल कोरडा आहे ना, घ्या’ असंही नाही. उघडायचा, वाळवायचा, नवा रॅप, आत नवा इंडिकेटर (वाफ पोचली का ते दाखवणारी पट्टी), आणि पूर्ण सायकल.

हे पाणी येतं कुठून ते समजलं की अर्धे ओले सेट आपोआप बंद होतात. वाफ थंड धातूला लागली की तिथे पाणी होते आणि आपली उष्णता धातूला देते. जंतू मरतात ते त्या उष्णतेने, म्हणजे पाणी होणं हा दोष नाही, कामच तसं चालतं. पुढे ड्राय टाइममध्ये मशीन व्हॅक्यूम ओढतं आणि तापलेल्या धातूच्या उष्णतेवर ते पाणी पुन्हा वाफ होऊन उडून जातं. धातू जितका जास्त, तितकं पाणी जास्त. म्हणून ऑर्थोचा (हाडांच्या ऑपरेशनचा) गच्च भरलेला सेट दोन ट्रेमध्ये वाटायचा. वजन काट्यावर बघा, 10–11 किलोच्या वर गेला की तो सेट ओला निघणारच असं धरून चाला. प्लास्टिकचे कंटेनर उष्णता धरून ठेवत नाहीत, त्यामुळे ते सगळ्यात उशिरा कोरडे होतात.

ओल कुठे आहे ते बघून कारण ओळखता येतं. ही नजर पहिल्या महिन्यातच लावून घ्या. पॅकच्या वरच्या बाजूला थेंब असले तर वरच्या शेल्फवरून गळलंय: जड धातू वर आणि कपडा खाली ठेवला होता. धातू नेहमी खाली. ट्रेच्या तळाशी पाणी असेल तर शोषक लाइनर घातलेलं नाही, किंवा बाउल, किडनी ट्रे एकमेकांत घट्ट बसवलेत. बाउल तिरपे ठेवायचे, पाणी ओघळून जाईल असे, आणि दोन बाउलांमध्ये टॉवेल. दर वेळी एकच सेट ओला निघतो? त्या सेटचं वजन आणि पॅकिंग तपासा. सगळे सेट एकदमच ओले निघाले तर दोष तुमचा नाही, वाफेचा आहे. बॉयलरमधून वाफेबरोबर पाणी येतंय, किंवा स्टीम ट्रॅप (वाफेच्या नळीतलं पाणी बाहेर काढणारा भाग) चोंदलाय. धातूच्या लोडसाठी वाफेचा कोरडेपणा किमान 0.95 हवा, म्हणजे वजनाने 95 टक्के तरी वाफच. ते मोजणं तुमचं काम नाही, पण रजिस्टरमधल्या नोंदी दाखवून मेंटेनन्सला बोलावणं तुमचंच आहे.

आणि मशीनमधून कोरडा निघालेला सेट बाहेर आल्यावर ओला होतो, हा सगळ्यात फसवा प्रकार. गरम पोळ्या तव्यावरून थेट स्टीलच्या डब्यात ठेवल्या की खालची पोळी ओली होते, तेच इथे. दार थोडं उघडून 10–15 मिनिटं लोड आतच राहू द्या. मग रॅकसकट ट्रॉलीवर बाहेर घ्या, एसीच्या झोतापासून लांब, आणि हात लावू नका. लहान पॅक अर्ध्या तासात निवतो, जड सेटला दोन तासही लागतात. जाळीच्या रॅकवरून सपाट धातूवर गरम सेट ठेवायचा नाही. पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, हीच चूक दुप्पट महाग पडते.

ओटीतून ‘जल्दी भेजो, केस टेबल पर है’ आलं की ड्राय टाइम 20 मिनिटांवरून 5 वर आणणारे सिनिअर प्रत्येक ठिकाणी असतात. माझं स्पष्ट मत: लोड रजिस्टर भरायला शिकवण्याआधी जो ड्राय टाइम कमी करायचं बटण दाखवतो, त्याच्याकडून मशीन शिका, सवयी नका शिकू. चांगला सिनिअर तो, जो तुम्हाला महिना दीड महिना धुण्याच्या सिंकवरून हलू देत नाही. तेव्हा तो खडूस वाटतो. ओले सेट चांगल्या विभागातही निघतात, त्यात लाज नाही. सापडला की नोंद करा आणि सांगा. सेट परत आला म्हणून ओरडा बसेलही, पण लपवलेला सेट पेशंटपर्यंत जातो.

टेपवरच्या काळ्या पट्ट्यांचंही एकदा नीट समजून घ्या. टेप हा टाइप 1 इंडिकेटर. हा पॅक मशीनमध्ये जाऊन आला, एवढंच तो सांगतो. आत वाफ पोचली का, ते पॅकच्या मध्यावर ठेवलेला टाइप 5 किंवा 6 सांगतो. मशीन हवा नीट काढतंय का, ते सांगते रोज सकाळची बीडी (बोवी-डिक) टेस्ट: मशीन गरम झाल्यावर, बाकी चेंबर रिकामं, टेस्ट पॅक ड्रेनच्या वर, 134 अंशांवर साडेतीन मिनिटं. त्या पॅकमधल्या कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला पाहिजे. मध्ये फिकट राहिला तर तिथे हवा अडकली होती, आणि ते मशीन त्या दिवशी वापरायचं नाही. ‘थोडंसंच फिकट आहे’ याला अर्थ नाही. लीक टेस्टमध्ये (बाहेरची हवा चेंबरमध्ये शिरते का ते बघतात) मिनिटाला 1.3 मिलीबारपेक्षा जास्त गळती आली तरी तेच.

लहान नर्सिंग होममध्ये उभा ऑटोक्लेव्ह असेल, नुसता प्रेशर गेजवाला, तर दोन गोष्टी. आतली हवा पूर्ण निघाली नाही तर काटा 15 पौंड (चौरस इंचाला) दाखवतो, पण तापमान 121 नसतं. निम्मी हवा राहिली तर जेमतेम 112. म्हणून व्हॉल्व्हमधून वाफेची सलग जोरदार धार येईपर्यंत तो बंद करू नका. दुसरी गोष्ट इथली खास: इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे, बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे गेजवर 15 पौंड असताना आत 120च्या आसपासच असतात. 121 साठी काटा 16 च्या जवळ लागतो. थर्मामीटर असेल तर वेळ त्याच्यावरून मोजा, काट्यावरून नाही. गुंडाळलेल्या पॅकला अशा मशीनमध्ये 121 वर 30 मिनिटं.

प्लाझ्मा (हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक करणारं मशीन) सोपा वाटतो, पण त्यात कागद, कापूस, लिनन काही चालत नाही, आणि औजारात थेंबभर पाणी राहिलं तरी सायकल रद्द होते. ईटीओबद्दल (इथिलीन ऑक्साइड वायूचं मशीन) एकच, पण कडक शब्दांत: एरेशन (सामानातला वायू निघून जाणं) पूर्ण होण्याआधी दार उघडू नका, सामान बाहेर काढू नका. 50 अंशांवर 12 तास, 60 वर 8. हा वायू कॅन्सर करतो हे सिद्ध झालेलं आहे. दिवसभराच्या कामासाठी 1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक) ही मर्यादा मानतात, आणि वास येतो तो शेकडो पीपीएमला. वास येत नाही म्हणजे धोका नाही, हा भ्रम आहे.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस, 0, 1 आणि 6 महिन्यांचे, झाले नसतील तर रुजू होण्याआधी पहिला घ्या आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) करून बघा, 10 च्या वर हवा. ट्रेमध्ये विसरलेलं ब्लेड लागलं तर बोट पिळत बसू नका. साबणपाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची पीईपी (लागण रोखणारी औषधं) 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागते, पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम. ओटीवर चिडून ते ब्लेड परत पाठवायचं नाही, धारदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात टाकून नोंद करायची.

बायोलॉजिकल इंडिकेटर (लोडसोबत ठेवलेली जिवंत बीजाणूंची कुपी) पॉझिटिव्ह आला, म्हणजे त्यातले जंतू मेले नाहीत असं दिसलं, की हात थरथरतात, पण तेव्हाची कामं ठरलेली आहेत. मशीन बंद करायचं, इनचार्ज आणि इन्फेक्शन कंट्रोलला कळवायचं, शेवटच्या निगेटिव्ह रिझल्टनंतरच्या त्या मशीनमधल्या सगळ्या लोडचे न वापरलेले सेट परत मागवायचे. त्याच बॅचची न शिजवलेली (मशीनमध्ये न घातलेली) कंट्रोल कुपी सोबत इन्क्युबेट केली होती का, तेही बघा. ती पॉझिटिव्ह आली नसेल, तर त्या बॅचचे आजवरचे निगेटिव्ह रिझल्टही बिनकामाचे. इम्प्लांटचा लोड असेल तर रिझल्ट येईपर्यंत तो सोडायचाच नाही, सर्जन स्वतः खाली आले तरी. आणि हे मागवणं जमतं ते लेबलवर मशीन नंबर, लोड नंबर, तारीख आणि पॅक करणाऱ्याचं नाव असेल तरच. ते टेपवर लिहा, रॅपवर नाही. पेनाचं टोक रॅपला भोक पाडतं आणि शाई आत झिरपते.